जिल्ह्यावर चपला घालून चालू नये

आमच्या शाळेच्या पटांगणात धुळे जिल्हा होता, आणि त्यावर चपला घालून चालायला मनाई होती. मी नोकरीवर हजर झाले त्या सकाळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली. असोद्याहून जळगाव, जळगावहून शिरपूर आणि शिरपूरहून सातपुड्याच्या दिशेने जाणारी तिसरी एस.टी., असं करत मी त्या गावात उतरले. नेमणुकीचं पत्र पर्समध्ये होतं. फाटकातून आत शिरून तरातरा ऑफिसकडे निघाले, तोच लिंबाखालून कुणीतरी ओरडलं, "बाई, थांबा! साक्रीत पाय पडला तुमचा!"

मी होते तिथेच थिजले. खाली पाहिलं तर मातीचे उंचवटे, दगडांच्या रांगा, चुन्याच्या रेघा आणि मधून एक ओली घळ. माझ्या सँडलची टाच एका उंचवट्यात रुतली होती. लिंबाखालून एक उंच, वाळके गृहस्थ अनवाणी चालत आले. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट, हातात झाडांना पाणी घालायची झारी. ते अगदी शांतपणे म्हणाले, "आधी चपला काढा. मग साक्रीला विचारा, 'येऊ का?' म्हणून."

"कुणाला?"

"हिला," असं म्हणून त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवलं. मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी सँडल हातात घेतले आणि सरकारी नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका तिसरीतल्या पोरीला विचारलं, "येऊ का?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "या."

ते बैसाणे गुरुजी. तिसरीचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होता. तिसरीला भूगोल असतो तो आपल्या जिल्ह्याचा. चौथीला महाराष्ट्र येतो, पाचवीला भारत. गुरुजींना त्या पुढच्या भानगडींत काडीचा रस नव्हता. "एकदा पोराला जिल्हा कळला," ते म्हणायचे, "की बाकीचं जग म्हणजे त्याचेच आणखी तालुके." कन्याकुमारीबद्दल विचारलं तर "असेल खाली कुठेतरी" एवढं म्हणून ते पुन्हा पांझरा नदीकडे वळायचे.

माणसाला त्याच्या नावाने हाक मारणं त्यांना जमतच नसे. तो कुठला हे कळलं की तेच त्याचं नाव. मी पहिल्या दिवसापासून 'असोदा' झाले ती कायमची. मुख्याध्यापिका सोनवणे बाई साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या, म्हणून त्यांच्या माघारी 'पिंपळनेर'. शाळेत सुया-टाचण्या विकायला येणारा एक माणूस राजस्थानातल्या कुठल्याशा गावचा होता. त्या गावाचं नाव गुरुजींना नीट उच्चारता येईना, म्हणून त्याच्याकडून ते काही विकतच घेत नसत.

दुसरी खोड दिशांची. डावं, उजवं, पुढे, मागे हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. "असोदा, तुमच्या पदराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला खडू लागलाय." "डब्यातलं लोणचं जरा पूर्वेला सरकवा." एकदा त्यांच्या पाठीत उसण भरली आणि शिरपूरच्या डॉक्टरांनी कुठे दुखतं म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "आता मी पश्चिमेला तोंड करून बसलोय ना, तर ईशान्येला." डॉक्टरांनी म्हणे गोळ्या दिल्या आणि विश्रांती घ्यायला सांगितलं.

जिल्हा जमिनीवर का, याचं कारणही तेच. भिंतीवर टांगलेल्या नकाशावर त्यांचा राग होता. भिंतीवर नकाशा लावला की उत्तर वर जाते, आणि मग पोरांना उत्तर कुठे विचारलं की पोरं छताकडे बोट दाखवतात. नद्या भिंतीवरून खाली येतात. म्हणून नकाशा अंथरायचा. आमच्या पटांगणातून उत्तरेला खरा सातपुडा दिसायचा, निळा आणि लांबच लांब. गुरुजींच्या मातीच्या जिल्ह्यातला दगडांचा सातपुडा बरोबर त्याच बाजूला असायचा. खालून तापी वाहायची. पूर्वेकडून झारीने पाणी सोडलं की ते शिरपूर, शहादा करत करत पश्चिमेला जाई आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली पुरलेल्या पत्र्याच्या घमेल्यात पडे. ते घमेलं म्हणजे गुजरातेतलं उकाई धरण. तोरणमाळच्या डोंगरावर सायकलच्या घंटीची वाटी उलटी बसवलेली, ते तिथलं तळं. शहादा तालुक्यात एका जागी एक निळी गोटी रोवलेली असायची. ते गुरुजींचं गाव. तिथे त्यांची बायको-मुलं आणि थोडी शेती. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एस.टी. धरून गावी जात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येत. मधले दिवस शिरपूरला भाड्याच्या खोलीत.

पावसाळ्यात हा जिल्हा वाहून जाई. दिवाळीनंतर पोरं तो पुन्हा बांधत.

पण खरी गंमत वेगळीच होती. गुरुजींच्या वर्गात प्रत्येक पोराला जिल्ह्यातला एक भाग वाटून दिलेला असे. एक मेला निकाल लागायचा. दुसरीतली पोरं रांगेत उभी राहायची आणि गुरुजी नुसतं 'पास' म्हणून थांबायचे नाहीत. "पास. तू पुढच्या वर्षी तळोदा." "पास. तू नवापूर, रेल्वे सांभाळ." दहा तालुक्यांची दहा पोरं. उरलेल्यांना नद्या, घाट, किल्ले. लळिंगचा किल्ला नेहमी सगळ्यात दांडगट पोराला, अनेर नदी जिला सारखं रडू येई अशा पोरीला. वर्गात बसायचं तेही नकाशाप्रमाणे. हजेरी त्याच नावांनी. "शिंदखेडा?" "हजर!" "अक्कलकुवा?" "त्याले ताप शे गुरुजी." आणि दुसऱ्याच्या तालुक्यात पाय ठेवायचा तर आधी विचारायचं, येऊ का. चपला काढायच्या. हा नियम गुरुजींनाही होता.

ही पोरं वर्षभर आपल्या तालुक्याची अशी काळजी घेत की विचारू नका. शिंदखेड्याला पाऊस कमी म्हणून ती पोरगी रोज दोन तांबे पाणी तिथे जास्त ओतायची. अवकाळी पाऊस आला की अक्कलकुव्याचा पोरगा छत्री घेऊन पटांगणात उभा.

या शिकवणीचा एकदा चांगलाच घोळ झाला. आमची चौथीची पोरं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला शिरपूरला गेली होती. पेपरात प्रश्न आला, एक मुलगा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे, तो उजवीकडे वळला, मग पुन्हा उजवीकडे, तर आता त्याचं तोंड कुठल्या दिशेला? सगळा हॉल खाली मान घालून लिहितोय आणि आमची पोरं एकदम उठून उभी राहिली. हॉलला खिडक्या होत्या, पण बाहेर नुसती भिंत. एक पोरगा सुपरवायझरला म्हणाला, "सर, सातपुडा कोनती बाजूले शे?" सुपरवायझरला वाटलं ही कॉपीची खूण आहे. तोवर बाकीच्यांनी अंदाजाने दिशा धरली होती आणि कवायतीसारखी उजवीकडे वळत होती. तक्रार झाली. गुरुजींना बोलावणं आलं. मी सोबत होते म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

केंद्रप्रमुख चिडून म्हणाले, "मुलं परीक्षेत उभी कशी राहतात?"

गुरुजी म्हणाले, "साहेब, प्रश्नात 'मुलगा उभा आहे' असंच छापलंय. बसून कसं कळणार त्यांना?"

केंद्रप्रमुखांनी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून पाहिली. पोरं सुटली. परतीच्या एस.टी.त गुरुजी मला म्हणाले, "हॉल वाईट बांधलाय. उत्तरेला खिडकीच नाही."

माझी आणि त्यांची कायमची जुंपायची ती माझ्या जळगाववरून. "तुमच्याकडे काय आहे? केळी! केळं हा काय भूगोल झाला? आमच्याकडे तोरणमाळ आहे. थंड हवेचं ठिकाण."

"तुम्ही कधी गेलात का हो तोरणमाळला?"

"मला थंडी सोसत नाही," असं म्हणून ते डबा उघडत.

वर्षं गेली. गुरुजींच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं आणि त्यांनी मनावर घेतलं की जिल्हा आता सिमेंटचा करायचा. आपण गेल्यावर दिवाळीनंतर माती कोण कालवणार? पुढचा मास्तर भिंतीवर नकाशा टांगेल आणि पोरं छताकडे बोट दाखवतील, ही भीती त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसायची. दुसरं काही त्यांना मागे ठेवायचं नव्हतं. सिमेंट मात्र कुठून आणायचं हा प्रश्न होता.

तो सुटला निकालाच्या दिवशी. त्या एक मेला गुरुजींनी सरपंचांच्या नातवाला, पंकजला, धडगाव दिलं. संध्याकाळी सरपंच आबा काठी आपटत शाळेत हजर.

"गुरुजी, मना नातूले धडगाव काबरं दिधं? तठे नही धड रस्ता, नही लाईट. त्याले धुये द्या."

"आबा, बसा. धुळ्यात काय आहे? सपाटी. जिल्ह्यात सगळ्यांत उंच कोण? धडगाव. तोरणमाळ कुणाकडे? तुमच्या पंकजकडे. अख्खा जिल्हा त्याच्या पायाशी."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "बठ्ठासपेक्षा उंच?"

"सगळ्यांपेक्षा."

"मंग चांगला उंच करा त्याले. शिमीट मी देस." गावच्या पाण्याच्या टाकीच्या कामातली काही पोती पंचायतीच्या खोलीत पडून होती आणि पावसाळ्याआधी वापरली नाहीत तर दगड होणार होती. ती शाळेत आली.

मे महिनाभर खानदेशी उन्हात ते काम चाललं. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. सुट्टी असून पोरं येत. गुरुजींनी पुस्तकातल्या नकाशावर चौकोन आखले, पटांगणात दोरीने तेवढेच मोठे चौकोन आखले आणि चौकोनामागून चौकोन जिल्हा उभा राहिला. जो ज्याचा तालुका, त्याने त्याचे दगड वेचायचे. धडगावचा डोंगर पंकजच्या छातीपर्यंत आला, कारण आबा रोज येऊन "अजून थोडा" म्हणत. शहादा होता भटूकडे. हा भटू म्हणजे नियमाचा पक्का. सोनवणे बाई पाहायला आल्या तर त्यांनाही त्याने हद्दीवर अडवलं, "चपला, बाई." निळी गोटी सिमेंट ओलं असतानाच त्याने अंगठ्याने दाबून बसवली.

जिल्हा मोडणार अशी कुणकुण तेव्हा सगळीकडे होती. एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर तोच विषय. मीही म्हणाले, "गुरुजी, जरा थांबा. नंदुरबार वेगळं होणार म्हणतात." गुरुजींनी मला उडवून लावलं. "अशा आवया मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. जिल्हा म्हणजे काय भाकरी आहे, मोडली आणि अर्धी अर्धी वाटली?"

जूनमध्ये शाळा भरली. जुलै लागला आणि जिल्हा मोडला.

दहापैकी चार तालुके धुळ्याला राहिले. धुळे, साक्री, शिंदखेडा आणि आमचं शिरपूर. बाकी सहा नंदुरबारला. तोरणमाळ गेलं, नवापूरची रेल्वे गेली, शहादा गेला. त्या सकाळी गुरुजी शाळेत आले, फाटकाशी चपला काढल्या आणि थेट जाऊन शहाद्यात मांडी घालून बसले. पुस्तकी मराठी सोडून ते कधी बोलत नसत. फारच जिव्हारी लागलं तर अहिराणी यायची. मला बघून एवढंच म्हणाले, "मोडना, असोदा."

तोरणमाळवरून त्यांना चिडवायला मी कितीतरी दिवस टपून होते. 'आता आमच्या केळ्यांना नावं ठेवा' हे वाक्यही तयार होतं. ते माझ्या तोंडातून आलं नाही. मला त्यांची फार दया आली. ज्या माणसाने जन्मभर एकच जिल्हा शिकवला, त्याचं गाव एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं.

"म्हणजे मी जन्मलो परजिल्ह्यात," ते थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मरायलाही परजिल्ह्यातच जाणार. मधे पाहुणा म्हणून नोकरी केली." मग कपडे झटकून उठले, कारण हजेरीची घंटा झाली होती.

वर्गात त्याहून मोठा गोंधळ. तळोद्याची पोरगी उभी राहून विचारते, "गुरुजी, मी आते कोनता जिल्हामा शे?" पंकजने तर भोकाडच पसरलं, "मना तोरणमाळ कोनी लई लिधं?"

"कुणी नेलं नाही," गुरुजी म्हणाले. "जिथल्या तिथे आहे. त्याचे कागद तेवढे नंदुरबारला गेलेत."

नंदुरबार होती रत्ना नावाची चुणचुणीत मुलगी. ती काल तालुका होती, आज जिल्ह्याचं ठिकाण झाली. दुसऱ्या दिवसापासून तिने केसांना दोन रिबिनी जास्त बांधल्या आणि आपल्या सहा जणांची हजेरी मीच घेणार असं जाहीर केलं. धुळे झालेला पोरगा निम्मं राज्य गेल्यामुळे कुणाशी बोलेना. पुस्तक जुनंच होतं, त्यात दहा तालुके. वरून निरोप असा की नवीन पुस्तक येईपर्यंत पुस्तकाप्रमाणे शिकवा, पण मुलांना वस्तुस्थिती सांगा. हे दोन्ही एकदम कसं करायचं ते मात्र निरोपात नव्हतं.

सोनवणे बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण साहेब हा शब्द ऐकला की त्यांचे हातपाय गार पडत. सिमेंटच्या जिल्ह्याचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला धुळ्याहून येणाऱ्या शिक्षण खात्यातल्या एका साहेबांच्या हस्ते, हे आधीच ठरलेलं. बाईंनी गुरुजींना ऑफिसात बोलावलं. मी तिथेच हजेरीपट भरत बसले होते.

"गुरुजी, साहेब येणार. आपल्या पटांगणात दुसऱ्या जिल्ह्याचे सहा तालुके सापडले तर मी काय सांगू?"

"सापडले म्हणजे? चोरीचे आहेत का बाई?"

"ते मला माहीत नाही. पश्चिमेकडचं फोडून टाका. धुळे जिल्हा तेवढा ठेवा."

गुरुजींनी खिडकीतून पटांगणाकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडतील. पण ते म्हणाले, "फोडतो. फक्त सणाच्या तोंडावर पोरांच्या डोळ्यांदेखत नको. सध्या नव्या हद्दीवर विटांची भिंत घालतो, पलीकडचं पोत्यांनी झाकतो. सोळा तारखेला फोडू."

"भिंत मात्र पक्की घाला," बाई म्हणाल्या.

गुरुजींनी ती भिंत ज्या तन्मयतेने बांधली, तितक्या तन्मयतेने मी त्यांना दुसरं काही करताना पाहिलं नाही. हातभर उंच, शाडूने लिंपलेली, कुठे फट नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे सरळ, मधे तापी आली तर तापीवरूनसुद्धा. पलीकडचे सहा तालुके पोत्यांखाली गेले. त्यांची सहा पोरं पोत्यांच्या कडेला तोंड पाडून बसून राहिली. भटूने तर डबा खाल्ला नाही. सोळा तारखेला काय होणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरांना अशा गोष्टी कळतात.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं. सगळं गाव पटांगणात. साहेब चांगले होते, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्री. उद्घाटनाला जिल्ह्यात पाऊल टाकणार तेवढ्यात भटू पुढे. "साहेब, बूट."

सोनवणे बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी बूट काढले, मोजे तसेच ठेवले आणि शिंदखेड्यात जाऊन उभे राहिले. आबांनी पाण्याचा कलश हातात दिला. साहेबांनी पूर्वेकडून तापीत पाणी सोडलं. टाळ्या. आता गुरुजींनी पोरांची तालीम मेहनतीने घेतलेली होती. तापीत पाणी आलं की उपनद्यांनी आपापली घागर ओतायची. अनेर ओतू लागली. पांझरा ओतू लागली. बुराईने दोन घागरी आणल्या होत्या. पाणी झुळझुळत पश्चिमेला निघालं, भिंतीला थडकलं आणि थांबलं. मग चढायला लागलं. मग मागे फिरलं.

"गुरुजी," शिरपूर झालेला पोरगा किंचाळला, "शिरपूर बुडनं!"

नद्यांना थांबा म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि सांगितल्याशिवाय थांबायचं नाही ही गुरुजींची शिस्त. साहेबांचे मोजे भिजले. पँटची इस्त्री गेली. सोनवणे बाई "गुरुजी, अहो गुरुजी" करत हद्दीवर धावत होत्या, तेही अनवाणी. गुरुजी लिंबाखाली हाताची घडी घालून उभे. पलीकडून सहा तालुके हे सगळं बघत होते. एकाएकी भटू उठला. "पानी आमनं बी शे! येऊ द्या!" असं ओरडून त्याने भिंतीतली एक वीट खेचली. निघेना. पंकज मदतीला धावला, रत्नाने रिबिनी सावरत लाथ घातली. वीट निघाली, मग शेजारची, आणि तुंबलेलं पाणी पोत्यांखालून सुसाट शहाद्यात शिरलं. पोरांनी पोती ओढून काढली. तापी निळ्या गोटीच्या बाजूने वाहत, तळोदा मागे टाकत, लिंबाखालच्या घमेल्यात धो धो पडली. गावाने अशा टाळ्या झेंडावंदनालाही वाजवल्या नव्हत्या.

साहेब आपल्या मोज्यांकडे बघत उभे होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि आम्हाला कळलं की ते हसतायत.

"ही भिंत कुणी घातली?"

"मीच सांगितलं, साहेब," सोनवणे बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, हे त्यांचं मला फार आवडलं.

"काढून टाका बाई. हद्दीला रंगाची एक रेघ ओढा, पुरे." मग ते पोरांकडे वळले. "आता सांगा पाहू, आपल्या जिल्ह्यात तालुके किती?"

पोरांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी सातपुड्याकडे पाहिलं. शेवटी साक्री झालेली मुलगी म्हणाली, "पुस्तकात दहा, साहेब. जिल्ह्यात चार."

"आणि इथे पटांगणात?"

उत्तर सगळ्या वर्गाने दिलं. "पटांगणमा बठ्ठा!"

सोळा तारखेला काही फोडलं गेलं नाही. गुरुजींनी लाल ऑइलपेंटने बोटभर रुंद रेघ ओढली, तीसुद्धा तापी आली तिथे ब्रश उचलून. मी त्यांना एकदा खोदून विचारलं, "गुरुजी, पाणी तुंबणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?" ते चेहरा सरळ ठेवून म्हणाले, "बाईंनी पक्की भिंत सांगितली. मी पक्की घातली." यापुढे या विषयावर त्यांनी मला कधी ताकास तूर लागू दिली नाही.

पुढच्या एक मेला त्यांचा निरोप समारंभ आणि निकाल एकाच दिवशी झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना नाडीचे काळे बूट दिले. निवड माझी. जन्मभर अनवाणी नाहीतर चपलांत वावरलेल्या माणसाला बूट देण्यात काय शहाणपण होतं देव जाणे, पण त्यांनी ते लगेच पायात घातले आणि पाय उचलून उचलून चालायला लागले. सोनवणे बाईंचं भाषण झालं. गुरुजींनी निकाल वाचला आणि नव्या पोरांना दहाच्या दहा तालुके वाटून दिले. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. रिवाजाप्रमाणे जुनी पोरं शेवटचं एकदा आपापल्या तालुक्यात जाऊन उभी राहिली.

शहाद्याच्या एस.टी.ची वेळ होत आली होती. गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली, फाटकाकडे निघाले आणि जिल्ह्याच्या कडेशी थांबले.

"भटू," त्यांनी विचारलं, "येऊ का रे?"

भटूने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे. नियम तो नियम. "या ना गुरुजी, तुमनंच गाव शे. पन बूट काढीसन या."

"अरे!" सोनवणे बाई दचकून म्हणाल्या.

गुरुजींचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ते खाली बसले. नाड्यांची सवय नव्हती, गाठी बसल्या होत्या. मी मदतीला वाकले तर "असू द्या" म्हणाले आणि एकेक गाठ सावकाश सोडवली. बूट कडेला ठेवले, टोकं उत्तरेकडे करून. मग सहा तालुके ज्या रेघेपलीकडे गेले होते तिच्या त्या बाजूला अनवाणी पायांनी जाऊन निळ्या गोटीपाशी उभे राहिले. भटूने सरकून त्यांना जागा दिली.

फाट्यावर एस.टी.ने हॉर्न दिला. थोडा वेळ थांबून पुन्हा दिला आणि ती निघून गेली.

"गुरुजी, गाडी गेली तुमची," मी म्हणाले.

"जाऊ द्या, असोदा," गुरुजी म्हणाले. "मी गावमाच शे."